आधी गौंटियाचा नांगर

लोक काशीला जातात, रामेश्वराला जातात, निदान पचमढीला तरी जातात. परत आले की शेजारपाजारची मंडळी विचारतात, काय काय पाहिलंत? मी यंदाच्या आषाढात भिलाईला जाऊन आले. नागपूरला अजनीत आम्ही सासऱ्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो; तिथल्या बायकांनी विचारलं, "भिलाईला पाहण्यासारखं काय आहे गं?" मी सांगितलं, "आमचे हे." सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी खरंच त्यांनाच पाहायला गेले होते.

आमचे हे रेल्वेतली पक्की नोकरी सोडून भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात गेले, तेव्हा आमचा बंडू पाळण्यात होता. आता तो घरभर धावतो आणि सासऱ्यांच्या टोपीत पाणी भरतो. त्याला आम्ही सांगून ठेवलंय की बाबा गाडीनं गेलेत आणि गाडीनं येणार. त्याचा अर्थ त्यानं आपल्या परीनं लावला. इंजिनाची शिट्टी झाली की "बाबा, बाबा" करत खिडकीकडे पळतो. मालगाडी असली तरी पळतो. पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. मग एक दिवस सासूबाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या, आणि मी ठरवलं की या माणसाला चार दिवस तरी घरी आणायचं. पाया झाला की येतो, चिमणी उभी राहिली की येतो, असं ऐकता ऐकता माझे कान किटले होते. बंडूला सासूबाईंजवळ ठेवलं आणि निघाले.

दुर्ग

डोंगरगड आलं की गाडीतल्या बायका खिडकीतूनच टेकडीवरच्या देवीला हात जोडतात. मीही जोडले. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. तिथून पुढे जमीन सपाट होत जाते. बांधाला बांध लागून भाताची खाचरं, त्यात गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, आणि मधूनच लाल मुरमाचा उघडा माळ. आपल्या नागपूर-वऱ्हाडकडच्या काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना तो लाल रंग सलतो. चार दिवसांत मात्र माझी पांढरी पातळं, वेणी, टाचा, सगळं त्याच रंगाचं झालं.

दुर्ग स्टेशनवर हे नव्हतेच. एक बारीकसा माणूस प्रत्येक बाईकडे निरखून बघत उभा होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वयनी, तुमी आमच्या साहेबाच्या घरच्या नं? मी नत्थू. मिस्त्री आहो साहेबाच्या गँगमंदी."

"आणि तुमचे साहेब?"

"येनार होते नं. पन निंगता निंगता विटांचा ट्रक आला. मंग साहेब विटांकडे गेले अन् मी तुमच्याकडे आलो."

माझ्यापेक्षा विटांचं नशीब थोर, असं मी मोठ्यानं म्हणाले. नत्थूला बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना.

सायकलरिक्षानं जाताना त्याच्याशी बोलणं झालं. तो आमगावकडचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. बायको गावी. मुलगी झालेली, ती आता बसायला लागली म्हणे. त्यानं अजून तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"अहो, आमगाव किती लांब आहे? सुट्टी देत नाहीत का साहेब?"

"देल्ली नं! सोताहून देल्ली. जाय म्हने, पोट्टी पाहून ये."

"मग गेला का नाहीत?"

नत्थू रिक्षाच्या चाकाकडे बघत राहिला. "साहेब जाऊन नाही राहिले, वयनी. तं मी कसा जाऊ?"

तेव्हा मला वाटलं, हा माणूस जरा भित्रा आहे.

सेक्टरातलं घर

भिलाईत गल्लीला नाव नाही, नंबर आहे. घरं अशी एकसारखी की एका साच्यातून काढलेली. पहिल्याच दुपारी मी नळावरून पाणी घेऊन परतले, ओट्यावर घागर ठेवली, आणि आतून एक मल्याळी बाई आली. तिनं माझ्या घागरीकडे पाहिलं, मी तिच्या भिंतीवरच्या देवांकडे पाहिलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. पण हा घोटाळा तिथं रोजचाच असावा, कारण तिनं काही न बोलता मला पाटावर बसवलं आणि काळी कडक कॉफी दिली. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आली आहेत इथं, आणि सगळीच नवखी. त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. नागपुरात मी अशी परक्याच्या ओट्यावर घागर ठेवली असती तर वर्षभर चघळलं असतं लोकांनी.

आमचं क्वार्टर मिळून बरेच महिने झाले होते. मी मनात एक घर मांडून आले होते. आत पाहिलं तर नव्या सिमेंटचा वास, कोपऱ्यात एक स्टोव्ह, आणि भिंतीशी होल्डॉल. त्याचे पट्टेसुद्धा सोडलेले नव्हते. म्हणजे हा माणूस या घरात एकदाही नीट अंथरूण घालून झोपला नव्हता. मी तो होल्डॉल उघडला. मीच घातलेली डांबरगोळी अजून चादरीच्या घडीत होती. त्या चादरीवर बसून मी पोटभर रडले, मग उठून घर झाडलं.

संध्याकाळी हे आले. केस, भुवया, मिशा, सगळ्यांवर तांबडी धूळ. मला बघून हसले, ते हसणं तेवढं जुनं होतं. मी निघतानाच ठरवून ठेवलं होतं की आधी काय सांगायचं, मग काय, आणि बंडूच्या शिट्टीची गोष्ट सगळ्यात शेवटी. वरणभात वाढला. दोन घास खाल्ले, तिसरा हातात घेतला, आणि मान खाली गेली. बसल्या जागी झोप! हातातला घास मी हळूच काढून घेतला, हात पुसला, डोक्याखाली उशी सारली. माझ्या सगळ्या गोष्टी माझ्याजवळच राहिल्या. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस हाताच्या अंतरावर होता, आणि मला अजनीत वाटायचा त्याहून लांब वाटला.

सकाळी उठून बघते तो अंथरूण रिकामं.

शेजारी बिसाहिन नावाची छत्तीसगढी बाई राहायची, मागच्या झोपड्यांत. नवरा-बायको दोघंही यांच्याच गँगमध्ये. बांधकामावर काम करणाऱ्या बाईला तिकडे रेजा म्हणतात. ती पहाटे मला चेंच भाजी देऊन गेली. आपल्या अंबाडीच्या वळणाची असते, पण आंबट नाही. तिच्या घरी रात्रीचा भात पाण्यात ठेवतात आणि तोच दुसऱ्या दिवशी कांदा-मिठाबरोबर खातात. त्याला बासी म्हणतात. शिळा भात म्हणून मी आधी नाक मुरडलं. खाल्ला तेव्हा पोटात असा थंडावा पडला की दुपारी मीही लवंडले. तिनं सांगितलं, आता सावन चालू आहे. मी म्हटलं, छे, आमचा श्रावण लागायला अजून अवकाश आहे. त्यांचा महिना पौर्णिमेपासून सुरू होतो, आपला अमावास्येनंतर, हे आम्हा दोघींना बोटं मोजत बसल्यावर कळलं. येत्या अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची अवस. दिवे घासूनपुसून पुजायचे. तिच्याकडे त्याच दिवशी हरेली. नांगर, कुदळ, विळा, सगळी अवजारं धुवायची, मुरमावर मांडायची, तांदळाच्या चिल्यांचा, म्हणजे आपल्या धिरड्यांचा, नैवेद्य दाखवायचा, आणि त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही.

"मग तुम्ही गावी जाणार असाल?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

बिसाहिननं नाही म्हणून मान हलवली. मागच्या वर्षीही कोणी गेलं नव्हतं म्हणाली.

भट्टी

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी थेट कामावर गेले. नत्थूनं आत जायची परवानगी काढून ठेवली होती. तो पसारा मी काय वर्णन करणार! क्रेन, रूळ, वाफ, हिरव्या टोप्या, रशियन साहेब, आणि असा गदारोळ की स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येऊ नये. आमच्या यांच्याकडे भट्टीला आतून आगविटा लावायचं काम. भट्टी म्हणजे लोखंडाची एक प्रचंड विहीर, फक्त जमिनीच्या वर उभी केलेली. विटा छिन्नीनं तासायच्या, घासायच्या, आणि इतक्या चपखल बसवायच्या की मध्ये कागद सरकू नये.

आत पाऊल टाकलं आणि मी बिचकलेच. बाहेर एवढा कल्लोळ, आणि इथं चिडीचूप. माणसं कामावर होती, पण छिन्नीचा आवाज नाही, हाळी नाही, हसणं नाही. हातोहात विटा जात होत्या आणि खाली अंथरलेल्या बारदानावर अलगद टेकत होत्या. रेजा घमेली घेऊन पावलं दाबत चालत होत्या. बिसाहिन माझ्यासमोरून गेली, तेव्हा दिसलं की तिनं हातातल्या सगळ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून घट्ट बसवल्या होत्या. सगळ्याच बायकांनी सारल्या होत्या.

नत्थू लगबगीनं पुढं आला. तोंडावर बोट. "वयनी, हळू. साहेब निजून राहिले."

विटांच्या थप्पीला टेकून हे झोपले होते. उभ्याउभ्याच. हातात टेप, टोपी नाकावर. आणि आजूबाजूला ती सगळी दमलेली माणसं, आपापले सण आणि लेकरं सोडून आलेली, श्वास रोखून काम केल्यासारखं करत होती, जेणेकरून साहेबांची झोप मोडू नये. मला त्या क्षणी यांचा राग आला, त्या माणसांची माया आली, आणि आपण उगाच विटांचा हेवा केला असंही वाटलं.

थोड्या वेळानं हे दचकून जागे झाले. त्याबरोबर छिन्न्या सुरू! असा खणखणाट की कानठळ्या बसाव्यात. यांनी मला बघितलं, छाती जराशी पुढं आली. "बघितलंस? एक मिनिट थांबत नाहीत ही माणसं. आता हरेली येतेय. सुट्टी द्यायचं माझ्या हातात आहे, मी दिलीय. कोणी घेत नाही! जा म्हटलं तरी जात नाहीत."

मी नत्थूकडे पाहिलं. नत्थू विटेकडे पाहत होता.

परतताना मी त्याला धरलंच. "हे असं रोज चालतं?"

"रोज तं नाई. पन आताशा बहुतेक."

"अहो, मग जागं करा, घरी पाठवा. या कुजबुजीत काम कितीसं होतं?"

"अर्धंबी नाई होत," तो म्हणाला. "पन कोन सांगन त्याइले? वाईट मानूस असता तं सांगतलं असतं. चांगला हाय, हेच तं अवघड हाय नं बाप्पा. आमाले सुट्टी देते अन् सोता उभा राहते. मी घरी जाऊन पोट्टी खेळवू, अन् साहेब इथं उभ्यानं झोपन? पाय नाई निंगत, वयनी."

बिसाहिन आमच्या मागून येत होती. तिला सगळं समजत होतं. ती म्हणाली, "दीदी, गौंटिया के नांगर नइ थिराही, त हमर कइसे थिराही?"

नत्थूनं उलगडून सांगितलं. गौंटिया म्हणजे गावचा मालक, पाटलासारखा. हरेलीला गावात पहिला नांगर त्याचा धुतात. त्याचा नांगर टेकला की मग बाकीच्यांचे टेकतात. तो शेतात असेल तर दुसरा कोणी आपला नांगर सोडत नाही. त्यानं तोंडानं कितीही परवानगी दिली तरी नाही.

त्या संध्याकाळी मी भांडले. आधी सासूबाईंची तब्येत काढली, मग बंडू काढला. हे म्हणाले, "मी गेलो तर काम थांबेल गं. एवढी भट्टी पेटली की येतो."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. काम तुमच्यामुळेच थांबतं, रोज थांबतं! पण ते उत्तर माझं नव्हतं. इतक्या माणसांनी मायेनं झाकून ठेवलेली गोष्ट मी भांडणात कशी फेकू? मी भांडी घासायला बसले. हे अर्ध्या वाक्यात झोपले. रशियन साहेबसुद्धा रविवारी तलावावर गळ टाकून बसतो, असं नत्थूनं सांगितलं होतं; तुम्हीही बसा, हे माझं राखून ठेवलेलं वाक्यही तसंच राहिलं.

हरेली

अमावास्येच्या सकाळी हे बूट घालत होते. दाराशी बिसाहिन. हातात चिल्यांचं ताट, कमरेला कडुलिंबाच्या डहाळ्या. एक डहाळी तिनं आमच्या चौकटीत खोचली आणि यांच्यापुढं हात पसरला. साहेबांची अवजारं द्या, धुवायची आहेत.

"ने, ने. पण लवकर आण," हे म्हणाले.

ती म्हणाली, धुतल्यावर उद्यापर्यंत उचलत नाहीत.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा दगडासारखा ठेवला. हे उठून बाहेर डोकावले आणि तसेच थबकले. बाहेर मुरमाच्या रस्त्याच्या कडेला अख्खी गँग उभी होती. अंघोळी केलेली, तेल लावलेली, कोणी धुतलेलं धोतर नेसलेलं. प्रत्येकाच्या हातात आपापलं अवजार. थाप्या, छिन्न्या, हातोड्या, घमेली. कोणीही काही खाली ठेवलेलं नव्हतं.

"तुम्ही कामावर नाही गेलात?"

"तुमची वाट पाहून राहिलो, साहेब," नत्थू म्हणाला.

"अरे, पण सुट्टी तर मी तुम्हाला केव्हाच दिलीय!"

"आमाले देल्ली. तुमची कोनी देल्ली?"

बिसाहिननं तेव्हा तिचं गौंटियाचं वाक्य म्हटलं. हे जरा हसायला गेले. "मी काय गौंटिया आहे?" नत्थू म्हणाला, "मंग कोन हाय?"

मला वाटलं, आता भट्टीचं नाव काढतील. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, तेव्हा त्यांना ती माणसं किती दमली आहेत ते पहिल्यांदा दिसलं. मग आत गेले, लेव्हल, ओळंबा, टेप घेऊन आले आणि वाकून मुरमावर ठेवले. त्यामागोमाग जो आवाज सुरू झाला तो थांबेचना. लोखंडावर लोखंड पडत होतं आणि माणसं मोकळी होत होती. काही बायका रडत होत्या. नत्थू तर हात जोडून जो पळाला तो थेट दुर्गच्या गाडीकडे.

त्या दिवशी हे झोपले. नीट, अंथरुणावर, पाय पसरून. चिलासुद्धा उठून खातो म्हणाले. बाहेर पोरं बांबूच्या गेड्यांवर, म्हणजे पाय ठेवायला खुंटी लावलेल्या उंच काठ्यांवर, चढून खटाखट चालत होती. हरेलीला तशी रीतच आहे. मी त्यांना दटावायला दारात गेले आणि माझ्या लक्षात आलं, माझ्याही बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या.

दिवस कलला तेव्हा यांनी डोळे उघडले. मी दिवा घासून लावला होता. चिला खाता खाता, लसणाच्या चटणीनं नाक ओढत, त्यांनी विचारलं, "बंडू काय म्हणतो?" मग मी सांगितलं. टोपीतलं पाणी, पहिला दात, मालगाडीमागे पळणं, सगळं. हे ऐकत होते, पूर्ण जागे. दोन वर्षांत मला हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मिळत असताना संपू नये म्हणून मी गोष्टी लांबवत राहिले.

"चला ना मग," मी शेवटी म्हणाले.

यांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "भट्टी पेटू दे."

परत

दोन दिवसांनी हे मला दुर्गला पोचवायला आले, एवढाच काय तो माझा विजय. फलाटावर आम्ही दोघं उगाच भेळेची पुडी घेऊन उभे. पलीकडून गोंदियाकडची गाडी आली आणि तिच्यातून नत्थू उतरला. यांनी त्याला हाक मारली. "काय रे, कशी आहे पोरगी?"

नत्थू हसला, पण ते हसणं जमलं नाही. "मले पाहून रडली, साहेब. जवळच नाई आली. मायच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. निंगायच्या टायमाले कुठी एक बोट धरलं."

एवढं सांगून तो बाजूला झाला आणि त्यानं डोळे पुसले. यांनी भेळेची पुडी मिटली, पुन्हा उघडली.

"आपला बंडू ओळखेल मला?"

मला सगळ्याची उत्तरं येतात, असं माझ्या सासरी म्हणतात. मी त्यांच्या हातातली पुडी काढून घेतली.

माझी गाडी लागली. हे माझी पेटी ठेवायला वर चढले, पेटी ठेवली, आणि तिथंच बसले. गार्डनं शिट्टी दिली तरी बसून राहिले. मग खिडकीतून ओरडले, "नत्थू! चार दिवस तू बघ रे!"

"हाव साहेब! मी आहो नं!" नत्थू गाडीबरोबर धावत म्हणाला.

अंगावरच्या कपड्यांनिशी, तांबड्या धुळीनं माखलेल्या बुटांनी हे अजनीला आले. तिकिटाचं टी.सी.शी काय ते बोलून घेतलं. दारात सासूबाई बंडूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. यांनी हात पुढं केले. बंडूनं एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. सासूबाई त्याला आत न्यायला वळल्या, मीही पुढं झाले.

"रडू दे," हे म्हणाले, आणि बूट काढून तिथंच उंबऱ्यावर बसले. "मी आहे चार दिवस."